आपोआप सुटणाऱ्या गोळ्या

खंडेनवमीला आमच्याकडे सकाळपासून पाण्याची धार लागलेली असते. ट्रॅक्टर धुतात, मोटारसायकली धुतात, कडबाकुट्टी धुतात, वजनकाटा धुतात, वहिनीचा मिक्सरसुद्धा पुसून-बिसून पाटावर बसतो. ज्या यंत्रानं वर्षभर साथ दिली त्याला आंघोळ, हळदीकुंकू, झेंडूचा हार आणि एका दिवसाची सुट्टी. मला ही रीत आवडते. आवडायची म्हणायला हवं, कारण या वर्षी माझ्या दादानं त्याच भक्तिभावानं आमचा व्हिडिओ गेम धुतला. फडक्यानं नव्हे. गाड्या धुवायच्या प्रेशरच्या पाइपानं, मागच्या जाळीतून आत पाणी मारून, वरून साबणाचा फेस लावून.

हे लिहितानाही माझ्या अंगाची लाही होते आहे, आणि ती शांत व्हावी अशी माझी मुळीच इच्छा नाही.

मिरजगावला हायवेवर आमचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चहा, भजी, मिसळ आणि पुढं चार बाकडी. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुरू केलं. आता दादा चालवतो, आणि शेजारीच त्यानं गाड्या धुवायचं वॉशिंग सेंटर टाकलं आहे. मी कर्जतला शाळेत गणित शिकवते आणि रविवारी माहेरी येते. आई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे माहेर म्हणजे आण्णाच.

मी लहान असताना जत्रेजत्रेत खेळ घेऊन फिरणाऱ्या एका माणसाचा टेम्पो आमच्या दारात बंद पडला. त्याला धंदा सोडायचा होता, आण्णांची एक जुनी मोपेड पडून होती. त्यानं मोपेड नेली आणि प्लायवूडची एक उंच पेटी मागं ठेवून गेला. पेटीत टीव्हीसारखी काच, डाव्या हाताला दांडी, उजव्या हाताला लाल बटण. काचेत काळंभोर आभाळ, खाली आपलं एक त्रिकोणी विमान, आणि वरून वळणं घेत घेत झुंडीनं उतरणारी शत्रूची यानं. दांडीनं सरकायचं, बटणानं गोळी मारायची. जीव तीन. तीनही गेले की खेळ खलास.

आण्णांनी पहिल्याच दिवशी त्या झुंडीला ‘टोळ’ असं नाव दिलं. पिकावर उतरतात तशीच ती उतरायची. आणि टोळांच्या मागं, एकदम वर, एक मोठं यान उभं असायचं. ते स्वतः खाली यायचं नाही, फक्त बाकीच्यांना पुढं धाडायचं. दिवाळीनंतर जामखेडकडून ऊसतोडीच्या गाड्या भरून जायच्या, त्यातली माणसं चहाला आमच्याकडे थांबायची. त्यांतल्या एका बाईनं ते मोठं यान बघितलं आणि म्हणाली, ‘‘आगं बया, ह्यो तर मुकादमच हाय की!’’ त्या दिवसापासून ते मुकादम. मुकादम पडला की बाकड्यांवरून असा काही ओरडा व्हायचा की आतली भजी करपायची. खरा मुकादम गाडीशेजारी विडी ओढत उभा असायचा आणि त्याला वाटायचं, माणसं खुशीत आहेत.

ती बाई पुढच्या वर्षी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. मग तिची सून यायला लागली. गाडीतून उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न असायचा, ‘‘मुकादम हाय का जित्ता?’’

मी सोड्याच्या क्रेटवर उभी राहून खेळायची. हॉटेलात पोरीनं उभं राहायचं, तेही गेम खेळायला, यावर गावानं तोंडसुख घेतलं. एका पाहुण्यानं आण्णांना समोरासमोर सांगितलं की पोरीला वळण लावा. आण्णांनी त्याच्या हातातला अर्धा चहा काढून घेतला आणि मोरीत ओतला. आण्णांचा राग हा असा होता. चहा पाणचट आहे म्हणणाऱ्याला ते हॉटेलाबाहेर काढायचे, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा, कारण त्या शिव्या ऐकल्याशिवाय त्याचा दिवस उजाडायचा नाही. माझ्या नाकावरचा राग त्यांचाच आहे. मी तो जपून वापरते असं कुणी म्हणणार नाही.

इतकी वर्षं झाली, माणसं तोच खेळ का खेळतात, हे मला काही जण नेहमी विचारतात. विचारणारे कसे तर पुण्याहून गाडी घेऊन येणारे, पेटीला टेकून फोटो काढणारे. ‘‘किती क्यूट आहे ना!’’ म्हणतात. क्यूट! काय क्यूट आहे त्यात? मोबाईल काढून स्वतःचा गेम बघा म्हणावं. उघडल्या उघडल्या बक्षीस देतो. काही न करता शाबासकी देतो. मेलात तर जाहिरात बघा, परत जिवंत व्हा. हरलात तरी ‘छान खेळलात’ म्हणतो. अरे, छान खेळले असते तर हरले असते का? माणसाला इतकं लाडावून ठेवायचं, की त्याला आपण कुठं कमी पडलो हेच कळू नये, याला हे लोक खेळ म्हणतात.

आमची पेटी कुणाला सूट द्यायची नाही. गावचे पुढारी असोत, ट्रकचा ड्रायव्हर असो, मी असो, नाहीतर खुद्द मालक. तीन जीव म्हणजे तीन. त्या खेळाला शेवट नाही, जिंकणं नाही. मुकादम पाडला की दुसरा मुकादम, टोळ आणखी जोरात. आजवर तो खेळ कुणीही जिंकलेलं नाही आणि तरी माणसं उठून परत उभी राहतात, कारण मागच्यापेक्षा थोडं पुढं गेलो की नाही, हे ती पेटी खरं सांगते. तोंडदेखलं बोलणं तिला येत नाही. माझ्या ओळखीत असं दुसरं कुणीच नाही.

या उन्हाळ्यात आण्णांना लकव्याचा झटका आला. जीव वाचला. उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. एकेक शब्द ते विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढून काढायचे, आणि अर्ध्यात सोडून द्यायचे.

मग सुरू झाली माणसांची माया. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचा, जणू कान गेलेत. नाहीतर त्यांच्यासमोरच आम्हाला विचारायचा, ‘‘जेवत्यात का नीट? त्रास न्हाई ना देत?’’ एका बाईनं चक्क त्यांच्या गालाला हात लावून, ‘‘शानं हायेत आमचे आण्णा,’’ म्हटलं. मी तिथं होते. तिला मी काय बोलले ते वहिनी अजून गावात निस्तरते आहे. पण आण्णा चिडले नाहीत. ते म्हणाले, ‘‘बरं हाय.’’ ज्या माणसानं आयुष्यात कशालाच बरं म्हटलं नव्हतं, तो सगळ्याला बरं म्हणायला लागला. भात कच्चा राहिला तरी बरं हाय. व्यायामवाला रबराचा चेंडू हातात देऊन ‘‘दाबा’’ म्हणाला की दाबल्यासारखं करायचे. तो म्हणायचा, ‘‘व्हेरी गुड!’’ चेंडू तसाच असायचा, बोटं जागची हललेली नसायची, आणि हा व्हेरी गुड! मला ते बघवायचं नाही.

श्रावणात एका रविवारी मी गेले तर आण्णा पेटीसमोर खुर्चीत बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीच डाव्या हातानं खुर्ची दाखवली होती, पेटी दाखवली होती. डाव्या हातानं उजवा हात उचलायचा, बटणावर नेऊन ठेवायचा, मग डावा हात दांडीवर. उजवी बोटं बटणावर पडून राहायची. विमान नुसतं पळायचं, चुकवायचं, एक गोळी मारायचं नाही. वरून टोळ उतरत राहायचे. एक जीव गेला, दोन गेले, तीन गेले. आण्णा परत उजवा हात नीट करायचे आणि परत सुरू.

असं रोज चाललं होतं. नवरात्र बसायच्या आधीच्या रविवारी मी त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसले होते. विमान एका कोपऱ्यात अडकलेलं, टोळ अंगावर आलेले, आणि त्यांच्या मधल्या बोटाला झटका बसला. एक गोळी सुटली. कुणालाही लागली नाही, वर काळ्या आभाळात निघून गेली. आण्णांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते काचेकडे बघून म्हणाले, ‘‘ये... की आता.’’

मी त्या दिवशी कर्जतपर्यंत स्कूटी चालवत रडत गेले. आणि त्यानंतर आली ती खंडेनवमी.

मी दुपारी पोचले तेव्हा पेटी अंगणात उन्हात उभी होती. लखलखीत. पाच बोटं हळदीकुंकू, झेंडूचा हार, पुढं नारळ. दादा कमरेवर हात ठेवून उभा होता, पोराचं लग्न पार पाडल्यासारखा.

‘‘मागनं पाणी मारलं?’’ मी विचारलं.

‘‘मग! किती वर्साची धूळ हुती आत. लई निघाली.’’

दरवर्षी ती पेटी आण्णा स्वतः पुसायचे. आदल्या दिवशी पिन काढून ठेवायची, ओलं फडकं घट्ट पिळायचं, फक्त बाहेरून फिरवायचं. हे दादानं जन्मभर बघितलं आहे. बघितलं म्हणजे डोळ्यांपुढून गेलं, इतकंच. मी स्क्रूड्रायव्हर आणायला आत धावले. मागची फळी काढून निदान उन्हात वाळवू म्हटलं. वहिनी आडवी आली. ‘‘वन्सं, पूजा मांडलीय. आज हत्याराला हात लावायचा न्हाई.’’ मी म्हटलं, हे हत्यार नाही, आत वायर आहेत, पाणी आहे. ती म्हणाली, ‘‘देवाच्या कामाला काय व्हत न्हाई.’’ आणि मग तिनंच, अगदी सहज, कौतुकानं सांगितलं: ‘‘आण्णा बी हुते की हितंच. पाणी मारताना हात वर करून करून सांगत हुते. ह्यांना वाटलं, वरनं बी मार म्हणत्यात. म्हणून मग वरनं बी मारलं.’’

मी आण्णांकडे बघितलं. ते ओट्यावर खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर. त्यांना ‘थांब’ म्हणायचं होतं. एवढा एकच शब्द त्यांना बाहेर काढता आला नाही, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचाच मुलगा त्यांचाच हात बघून पाइप आणखी वर करत गेला. मी विचारलं, ‘‘आण्णा, हे तुमी सांगितलं?’’ ते जमिनीकडे बघत म्हणाले, ‘‘बरं... हाय.’’

पूजेपुढं माझं काही चाललं नाही. पेटी ते पाणी पोटात घेऊन रात्रभर हारासकट उभी राहिली. दसऱ्याला सकाळी, मी अंघोळीला गेले तेवढ्यात, दादानं मुहूर्त साधून पिन लावली. आतून फट्ट आवाज, जळका वास, आणि जाळीतून धूर. मी ओल्या केसांनी बाहेर आले आणि त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की संध्याकाळी तो आपट्याची पानं घेऊन माझ्यापुढं उभा राहिला, ‘‘सोनं घे,’’ म्हणाला, आणि मी हात पुढं केला नाही. वहिनी रडली. सणासुदीला नाट लावला म्हणाली. लावला तर लावला.

त्यानंतर फोनवर दादा सांगत राहिला की नगरहून माणूस आणलाय, काम चालू आहे, तू डोक्यात राख घालू नको, भाऊबीजेला ये, खूश होशील. मी गेले. मनात नसताना गेले, पण गेले.

पेटी जागेवर उभी होती. लाकूड खालून फुगलेलं, पण काचेच्या जागी नवा सपाट स्क्रीन. आत नवं किट, शेकडो गेम असलेलं, आणि त्यांत आमचाही गेम. दांडी नवी, बटण नवं. आण्णा खुर्चीत, डावा हात दांडीवर, आणि स्क्रीनवर नुसता गोळ्यांचा पाऊस. टोळ धडाधड पडत होते. मुकादम पडला. बाकड्यांवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एक क्षण माझ्या काळजात लख्ख झालं, की आण्णांचा हात...

मग मी खाली बघितलं. उजवा हात मांडीवर पडला होता, बटणाजवळही नव्हता.

दादा हसत म्हणाला, ‘‘आपोआप सुटत्यात गोळ्या. सेटिंगच तशी केलीय. आन् जीव बी संपत न्हाईत. आता आण्णांना कसलाच तरास न्हाई.’’

मी आण्णांच्या तोंडाकडे बघितलं. टाळ्या वाजत होत्या आणि ते तोंड पाहुण्यांनी गालाला हात लावल्यावर व्हायचं तसंच होतं. दादानं विचारलं, ‘‘कसं वाटतंय आण्णा?’’ आण्णा म्हणाले, ‘‘बरं हाय.’’

‘‘बंद कर ते,’’ मी म्हटलं.

‘‘काय झालं तुला आता?’’

‘‘बंद कर. बाप खेळतोय का मशीन खेळतंय? दांडी सोडली तरी जिंकतील ते. त्यांना कळत न्हाई वाटलं तुला? झटका हाताला आलाय, अकलेला न्हाई!’’

बाकड्यांवरची माणसं चहा तसाच ठेवून उठली. दादाचा चेहरा लाल झाला. तो सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलला. ‘‘तू रविवारची येती. एक गोळी बघितली न् गेली. रोज मी असतो हितं. त्यो हात बटनावर ठिवून आण्णा रडायचे, ठावं हाय तुला? गिऱ्हाइकासमोर. तोंड पुसायला मी असायचो. मला न्हाई बघवत त्यांना हरताना. तुला बघवत असंल तर ने त्यांना कर्जतला आन् बघ बसून.’’

हे मला माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण म्हणून माझा राग कमी झाला असं लिहिणार नाही, कारण तो झाला नाही. उलट वाढला. माणूस रडतो म्हणून त्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं? मी त्याला म्हटलं, ‘‘रडत हुते ना? म्हंजे काहीतरी चाललं हुतं आत. आता तुला काय दिसतंय त्यांच्यात? सांग की!’’ तो म्हणाला, ‘‘सुख.’’ मी म्हटलं, ‘‘डोंबल!’’

आम्ही दोघं त्यांच्या डोक्यावरून भांडत होतो. वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन दारात खोळंबली होती. आणि खाली खटकन आवाज झाला. आण्णांनी दांडी सोडली होती. डाव्या हातानं त्यांनी उजवा हात मनगटाला धरून उचलला, बटणावर नेऊन ठेवला, एकेक बोट सरळ केलं. मग दादाकडे बघितलं. स्क्रीनवर गोळ्या आपल्या आपण सुटत होत्या. आण्णांनी त्या गोळ्यांकडे हनुवटीनं खूण केली आणि मान नाही म्हणून हलवली.

दादा पेटीच्या मागं गेला, खाली बसला आणि नगरच्या माणसानं दाखवलेली बटणं दाबत राहिला. बाहेर आला तेव्हा स्क्रीनवर विमान गप्प होतं आणि कोपऱ्यात तीन जीव दिसत होते.

टोळ उतरले. विमान डावीकडे पळालं, उजवीकडे पळालं. नवं बटण घट्ट आहे. जुनं किती हातांनी मऊ झालेलं होतं, ते भंगारात गेलं. आण्णांचं मधलं बोट त्या नव्या बटणावर थरथरत होतं आणि बटण दबत नव्हतं. पहिला जीव गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. दादानं माझ्याकडे असं बघितलं, की झालं समाधान? आण्णांनी परत सुरू केलं. परत तीनही गेले, एक गोळी न सुटता. त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. दादा डावीकडून वाकला, हात धरायला. मी उजवीकडून वाकले, खुर्ची आणखी जवळ सरकतेय का बघायला.

‘‘सरका की भाडखावांनो, दिसंना मला!’’

अख्खं वाक्य. कुठंही न अडखळता, हायवेच्या पलीकडे जाईल एवढ्या आवाजात. वहिनीच्या हातातल्या ताटातलं निरांजन हललं. आम्ही दोघं मार खाल्लेल्या पोरांसारखे मागं सरलो, सरत सरत ओट्यावर आलो. दादा खांबाला टेकला आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसायला लागला. मी त्याच्यावर अजून रागावलेलीच होते. तरी त्याला म्हटलं, ‘‘पाटावर बस. ओवाळायचंय.’’

तो बसला. मी ताट हातात घेतलं. आत पुन्हा जीव गेल्याचा आवाज झाला, आणि आण्णांनी आम्हाला सोडून आता त्या पेटीच्या आईमाईचा उद्धार सुरू केला.